इथवर मी आणलं

इस्त्री तापली की नाही हे बघायला मी तिच्यावर थुंकले, थुंकी चर्र करून उडाली, आणि तेवढ्यात माझी नजर खळीच्या भांड्याला टेकवून ठेवलेल्या प्रुफाच्या पट्टीवर गेली. माझ्या पुस्तकाची प्रुफं छापखान्यातून सकाळीच आली होती, शाई अजून बोटांना लागत होती. काम करता करता मी वाचत होते, म्हणजे एक बाही, मग एक परिच्छेद, पुन्हा एक बाही. दुसरं प्रकरण संपत आलं होतं. शेवटची ओळ मला पाठच होती, माझीच होती ती. 'इथवर मी आणलं,' एवढीच. स्वल्पविराम, आणि पुढे कोरा कागद. पण कागद कोरा नव्हता. तिथे छापलं होतं, 'इथवर मी आणलं, आणि पुढे परमेश्वराने नेलं.' मी ओळ दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा फिलिडा मावशी ओरडली, "बये, सदरा! अगं, सदरा जळतोय!" बघते तर एका वकिलाच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या छातीवर इस्त्रीचा बदामी ठसा उमटलेला. अगदी टोकासकट. मावशीने माझ्या हातातून इस्त्री हिसकावून घेतली आणि चुलीवर आदळली. "तुझ्यासारखी इस्त्री अख्ख्या बॉस्टनमध्ये कोणी करत नाही असं मी लोकांना सांगते, आणि तू भल्या माणसाची छाती भाजून ठेवतेस. काय आहे त्या कागदात एवढं? कोण मेलं?"

"कोणी नाही. माझं वाक्य पूर्ण केलंय त्यांनी."

"का? अपुरं होतं?"

"हो."

"मग बरंच केलं की," मावशी म्हणाली आणि सदरा उलटापालटा करून बघू लागली.

मावशीला वाचता येत नाही, तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण वाचता येणाऱ्यांचं तरी काय वेगळं आहे? अपुरं वाक्य दिसलं की यांचे हात शिवशिवतात. उघडं दार दिसलं की काही माणसांना ते लोटल्याशिवाय चैन पडत नाही, तसं. थर्लोसाहेबांचा तर स्वभावच तो. समितीचे चिटणीस ते. गुलामीविरुद्धच्या समितीने माझी कहाणी छापायचं ठरवलं तेव्हा ती 'नजरेखालून घालायचं' काम त्यांच्याकडे आलं. माणूस चांगला आहे. हे मला आधीच सांगून टाकायला हवं, कारण तो वाईट असता तर माझा जीव इतका वैतागला नसता. वाईट माणसाला तोंडावर शिव्या देता येतात. थर्लोसाहेब मी कचेरीत गेले की खिशातला स्वच्छ रुमाल काढून माझ्यासाठी खुर्ची पुसतात, स्वतः उभे राहतात आणि मला 'भगिनी रूथ' म्हणतात. माझं नाव रूथ नाही. टेमर आहे. या शहरात ते एकट्या मावशीला माहीत आहे. पळून आलेल्या गुलामांना धरून परत नेण्याचा कायदा झाल्यापासून टेकडीच्या मागच्या उतरणीवरच्या आमच्या वस्तीत खऱ्या नावाने कोणी कोणाला मोठ्याने हाक मारत नाही. पुस्तकातही मी रूथ कार्व्हर आहे. माझा मालक दुसऱ्याच नावाचा आहे, नदी दुसऱ्याच राज्यात वाहते, आणि माझी धाकटी बहीण लेटी, तिचं नाव ॲन केलंय. ते मी स्वतःच केलं, थर्लोसाहेबांनी नाही. सगळं बदलावंच लागतं. सगळं बदलल्यावर उरतं काय, तर प्रकरण कसं उघडतं आणि कसं मिटतं एवढंच. तेवढंच माझं होतं, आणि त्यालाच साहेबांनी हात घातला होता.

सुरुवातीपासूनच घातला होता खरं तर. पहिल्या प्रकरणाची पहिली ओळ मी लिहिली होती, 'दार लावलं का?' ती त्यांनी महिन्यापूर्वीच काढली. मला समोर बसवून, रुमालाने खुर्ची पुसून, अगदी हळुवारपणे. "भगिनी, वाचक आत्ता कुठे पुस्तक उघडतोय. त्याला दाराशी का अडवता? तुमचा जन्म कुठे झाला, कधी झाला, हे आधी यायला हवं. सगळ्या कहाण्या तशाच सुरू होतात. लोक खरेपणा त्यावरून ओळखतात." मी म्हटलं, कधी झाला ते मला माहीत नाही. "साधारण?" मी म्हटलं, आई म्हणायची, मका कापायच्या दिवसांत. "कोणत्या वर्षीचा मका?" मका दरवर्षीच असतो, साहेब. ते हसले, मीही हसले, आणि प्रुफात पहिली ओळ आली, 'माझा जन्म झाला तो दिवस परमेश्वरालाच ठाऊक.' शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर बायबलचं एकेक वचन. म्हणजे आई जे म्हणून गोष्ट सुरू करायची ते गेलं ते गेलंच. त्या दिवशी मी भांडले नाही. मनात म्हटलं, उघडायची ओळ घ्या तुम्ही. मिटायची माझ्याकडे ठेवा. जणू ते माझ्या मनातलं ऐकणार होते!

आई गोष्ट सांगायच्या आधी नेहमी विचारायची, "दार लावलं का?" आणि आम्ही दोघींनी म्हणायचं, "लावलं, पण फट आहे." मग आई म्हणायची, "तर मग फटीला ऐकू जाणार नाही असं सांगते," आणि आवाज खाली आणायची. मुकादम संध्याकाळी झोपड्यांच्या रांगेतून फिरायचा, थांबून कान लावायचा, म्हणून हे. आम्हाला लहानपणी वाटायचं, जगातल्या सगळ्या गोष्टी अशाच सुरू होतात. आणि संपायची तऱ्हा आली होती झऱ्यावरून. झरा उताराच्या तळाशी, मोठं घर वर. बादली एक, लाकडी, भरली की लहान पोरीला झेपणार नाही अशी. अर्ध्या वाटेवर तोडलेल्या झाडाचा एक बुंधा होता. खालून बुंध्यापर्यंत मी आणायची, बुंध्यापासून वर लेटीने न्यायची, हा आईने घालून दिलेला नेम. बुंध्यावर बादली टेकवली की मी म्हणायचं, "इथवर मी आणलं," आणि लेटीने म्हणायचं, "पुढचं मी नेते." आईने तेच उचलून गोष्टीच्या शेवटाला लावलं. ऐन रंगात आली की थांबायची, आमच्याकडे बघायची आणि म्हणायची, "इथवर मी आणलं," आणि जी "पुढचं मी नेते" म्हणेल तिने दुसऱ्या दिवशी गोष्ट पुढे न्यायची. त्यामुळे आमच्या घरात कुठलीच गोष्ट कधी संपली नाही. मी दरवेळी म्हणायची. मी मोठी होते, शहाणी होते, आणि मला गोष्टी यायच्या. लेटीने ते धड उत्तर आयुष्यात एकदाही दिलं नाही, बुंध्यापाशीही नाही आणि घरातही नाही. ती दुसरंच काहीतरी म्हणायची. आई तिच्या पाठीत एक धपाटा घालायची, ती पुन्हा तेच म्हणायची, दात काढायची. काय म्हणायची ते मी कोणाला सांगितलेलं नाही. आई गेली. आता ते जगात दोघींनाच माहीत आहे, मला आणि जिवंत असली तर लेटीला.

म्हणून अकराच्या अकरा प्रकरणांच्या शेवटी मी तीच ओळ लिहिली. वेड लागलं म्हणून नाही. लेटी नऊ वर्षांची असताना विकली गेली, त्याला आता एकवीस वर्षं झाली. ती ॲन हे नाव ओळखणार नाही, ती खोटी नदी ओळखणार नाही. तिला वाचता तर नक्कीच येत नसणार, शिकायच्या नावाने ती रडायची. पण आमची माणसं जिथे जिथे निसटून पोचली आहेत तिथे असली पुस्तकं चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवतात, एक वाचतो आणि शंभर ऐकतात. त्या शंभरांत ती असली आणि तिच्या कानावर हे अर्धं वाक्य पडलं, तर उरलेलं अर्धं तिच्या तोंडातून बाहेर आल्याशिवाय राहणार नाही. एवढीच माझी अक्कल. आणि त्या उरलेल्या अर्ध्याच्या जागी साहेबांनी परमेश्वराला आणून बसवलं होतं.

पोळलेला सदरा मावशीने लिंबू आणि उन्हाच्या हवाली केला. मी हात पुसले, टोपी घातली आणि निघाले. "जा, जा, चार अक्षरांसाठी जीव खा त्या बिचाऱ्याचा," मावशी मागून म्हणाली, "येताना खळ तरी आण." टेकडी चढून पलीकडे उतरलं की शहराचा चेहराच बदलतो, विटांची घरं ताठ होतात, पितळेच्या मुठी चकाकतात. मी दर आठवड्याला गाठोडं घेऊन तिथे जाते, मागच्या दारांनी. त्या दिवशी गाठोडं नव्हतं, नुसत्या कागदाच्या पट्ट्या होत्या, आणि हात हलके असल्यामुळे मला कसंतरीच वाटत होतं. चालताना मी साहेबांना काय सांगायचं ते जुळवत होते. खरं कारण सांगता येणार नव्हतं. एकदा सांगून मी तोंड पोळून घेतलं आहे. सहज बोलता बोलता त्यांना म्हटलं होतं की आई रताळं चुलीच्या गरम राखेत पुरून ठेवायची, झडती झाली तरी सापडत नसे. त्यांचे डोळे भरून आले. पुढच्या आठवड्यात त्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात टीप आली, या लोकांच्या उपजत चातुर्याबद्दल, आठ ओळींची, रताळ्यासकट. पुस्तक निघालं की देशभरातले मुकादम राख उकरणार. लेटीच्या उत्तराचं सांगितलं असतं तर त्याचीही टीप झाली असती, वर्तमानपत्रात आली असती, आणि ज्याला कोणाला टेमर धरून न्यायची आहे त्याने ते अर्धं वाक्य पाठ करून माझं दार ठोठावलं असतं. आमच्या उतरणीवरच्या एका बाईला असंच, तुझ्या मुलाची खबर आणलीय म्हणून धक्क्यावर बोलावलं होतं. ती परत आली नाही.

साहेबांनी खुर्ची पुसली. मी बसले नाही, तर तेही अवघडून उभे राहिले. मी पट्टी पुढे केली आणि म्हटलं, हे माझं नाही.

"अच्छा, ते शेवट!" त्यांचा चेहरा उजळला. "मला वाटलंच होतं तुमच्या लक्षात येईल. भगिनी रूथ, खरं सांगू? तुमची अकराही प्रकरणं शेवटाला तुटत होती. एकच वाक्य, आणि तेही दरवेळी अर्धवट. आधी मला वाटलं, कागद संपला असेल."

"कागद होता."

"मग लक्षात आलं, लिहिताना कंठ दाटून येत असणार. तेव्हा तुम्हाला जे म्हणवलं नाही ते मी म्हटलं. सगळीकडे एकच नाही हं. तिसऱ्यात 'आणि पुढे आशेने नेलं', सातव्यात 'आणि पुढे अश्रूंनी', पण मुख्यतः परमेश्वरच."

"मला ते अर्धंच हवंय."

"का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी म्हटलं, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. ते लगेच खुर्चीच्या पाठीवर हात टेकून पुढे झुकले. "पद्धत? कसली पद्धत? सांगा ना, तळाला एक छोटीशी टीप देता येईल." मी म्हटलं, नाही, पद्धत वगैरे काही नाही, मला आवडतं म्हणून. ते थोडे हिरमुसले. मग ज्या आवाजात माणूस आजाऱ्याशी बोलतो त्या आवाजात म्हणाले, "हे बघा, पुस्तक वाचून लोक म्हणणार, एक गुलाम बाई हे लिहूच शकत नाही. आपले शत्रू टपून बसलेत. अर्धवट वाक्यं दिसली की त्यांचं फावणार. म्हणतील, पाहा, हिला वाक्य पुरं करता येत नाही. मी तुमचीच बाजू राखतोय." आणि यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. मी पुन्हा म्हटलं, अर्धंच हवंय. ते पुन्हा म्हणाले, का. असं चार वेळा झालं. भिंतीवरच्या घड्याळाखाली आम्ही दोघं सभ्य माणसं एका स्वल्पविरामावरून घामाघूम झालो. शेवटी त्यांनीच हात टेकल्यासारखं केलं आणि विचारलं, "बरं, निदान दुसऱ्या प्रकरणात तरी? बहिणीला नेलं त्या प्रसंगाचा शेवट! तिथे वाचकाला काहीतरी आधार नको का? तिला परमेश्वरानेच सांभाळलं असेल, या विश्वासावर आपण—"

"परमेश्वराने नाही नेलं," मी म्हटलं. "जॉर्जियाच्या व्यापाऱ्याने नेलं. छकड्यात घालून." आणि पट्ट्या उचलून बाहेर पडले. मागून ते "भगिनी, भगिनी" करत जिन्यापर्यंत आले. मला सख्खी बहीण आहे, साहेब, असं मला ओरडावंसं वाटलं. एक असताना दुसरं नातं कशाला जोडता माझ्याशी? पण तेही मी गिळलं. त्या शहरात मी किती गोष्टी गिळल्या असतील याचा हिशेब नाही.

रस्त्यावर ऊन होतं, आणि मी अशा चालीने चालत होते की समोरची माणसं बाजूला होत होती. राग थर्लोसाहेबांचा होता असं मला वाटत होतं, पण राग जुना होता. त्या दिवशीचा. दुसऱ्या प्रकरणात मी लिहिलंय की मी बुंध्यापाशी वाट बघत उभी होते. तिथे मी खोटं काही लिहिलं नाही, पण पुरतं खरंही लिहिलं नाही. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. सकाळची वेळ, दव सुकलं नव्हतं. बादली भरून बुंध्यापर्यंत आणली, टेकवली, वर बघितलं. लेटी नाही. हाक मारली. नाही. मी बसले. हाताला कडीचे वळ उठले होते. मनात म्हटलं, आली आळशी भवानी झोपा काढून तर आज हिचे कान उपटते. मग उठून म्हटलं, कान नाही, वेणीच ओढते. पाण्यात पाचोळा पडला तो काढला, पुन्हा पडला, पुन्हा काढला. दरवेळी मीच का, मोठी झाले हा काय माझा गुन्हा झाला, हिचे पाय काय सोन्याचे आहेत, असं बडबडत मी तिथे चांगला तासभर बसले. बहीण छकड्यात बसून फाटकाबाहेर जात होती आणि मी तिला शिव्या देत होते. लेटीबद्दलची माझी शेवटची भावना ही आहे. माया नाही, दुःख नाही, नुसता वैताग. शेवटी मीच बादली वर नेली, मुद्दाम धापा टाकत, सगळ्यांना दिसावं म्हणून. तर आई दाराशी बसलेली, तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसतं तोंड उघडं होतं. मी बादली खाली ठेवली आणि पहिलं काय बोलले, तर, "कुठे उलथली ती?" हे मी पुस्तकात लिहिलेलं नाही. हे लिहिलं असतं तर साहेबांनी याचं काय केलं असतं कोण जाणे. मी तिथेच थांबले, बुंध्यापाशी. इथवर मी आणलं, स्वल्पविराम. त्याच्या पुढे मला जाता येत नाही, आणि तिथे दुसरं कोणी गेलेलं मला चालणार नाही.

छापखाना धक्क्याच्या बाजूला होता, तळघरात. मी तिथे पूर्वी कधी गेले नव्हते, पण प्रुफांच्या गुंडाळीवर पत्ता होता. आत शिशाचा आणि तेलाचा वास. मुख्य जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे लावून अक्षरं जुळवणारा, गॅफनी नावाचा आयरिश म्हातारा होता, चष्मा कपाळावर, बोटं शाईने काळी. माझ्यापेक्षाही काळी, आणि त्याच्या ते ध्यानात आलं असावं, कारण त्याने हात पाठीमागे घेतले. "काय हवंय?" मी सांगितलं, रूथ कार्व्हरच्या पुस्तकाच्या शेवटच्या ओळी. नाव ऐकताच तो असा उसळला की मी दोन पावलं मागे सरले.

"त्या ओळी! अगं बाई, त्या ओळींनी नाकात दम आणलाय माझ्या. मूळ मजकूर जुळवून झाला होता, पानं बांधून झाली होती, आणि त्या तुझ्या थर्लोने प्रत्येक प्रकरणाला शेपूट जोडून पाठवलं. हे बघ. दुसरं प्रकरण बरोबर पानाच्या तळाशी संपत होतं. आता त्यात परमेश्वर घातला. परमेश्वर मावत नाही! नुसता 'नेलं' उडून पुढच्या पानावर जाऊन बसलाय, एकटा, अख्ख्या पांढऱ्या पानाच्या डोक्यावर. एका शब्दासाठी नवं पान. पाचव्यात तेच, सहाव्यात तेच, नवव्यात तेच. चार पानं वाढली की छापायचा अख्खा ताव, फर्मा, वाढला, कागद वाढला, आणि शिव्या कोणाला? गॅफनीला."

"मग काढा," मी म्हटलं.

त्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "काढा म्हणणारी तू कोण?"

"मी लिहिलंय ते."

त्याने बाजूच्या टेबलावरून मुखपृष्ठाचं प्रूफ उचललं, डोळ्यांजवळ धरलं आणि वाचलं, "रूथ कार्व्हर यांची कहाणी, स्वतः त्यांनीच लिहिलेली." मग माझ्याकडे बघितलं. "हे सगळ्याच पुस्तकांवर घालतात. मला वाटायचं, म्हणायची रीत आहे." मी म्हटलं, माझ्यापुरतं खरं आहे. त्याने एक पेन्सिल शोधली, ती जिभेला लावली आणि पुढे केली. "तर मग सही कर. लेखकाची सही असली की चिटणीस काय आणि पोप काय, गॅफनी ऐकत नाही." मी चार पट्ट्यांवर चार सह्या केल्या. रूथ कार्व्हर, रूथ कार्व्हर. त्या पुस्तकातली एकुलती एक खरी गोष्ट मी खोट्या नावाने सोडवून घेतली. माझ्या डोळ्यांसमोर त्याने चिमट्याने परमेश्वराचे खिळे एकेक करून उचलले आणि खणात परत टाकले. बाकीच्या सात प्रकरणांचं काय, असं मी विचारलं. तर म्हणतो, "तिथे तो नीट बसतोय. बसलेल्याला मी का उठवू? मला काय फक्त तुझंच काम आहे?" मी विनवलं, मग जरा भांडलेही. तो बहिरा झाला. अकरापैकी चार. येताना खळ आणायला विसरले, त्याबद्दल मावशीने वेगळं ऐकवलं.

पुस्तक ऑक्टोबरमध्ये निघालं. साहेब स्वतः प्रत घेऊन आले, मावशीच्या स्वयंपाकघरात उभे राहून गुळाच्या पाकातली मक्याची भाकर खाल्ली आणि मग खजील होऊन म्हणाले, "भगिनी, मला माफ करा. चार ठिकाणी छपाईची चूक राहिली. दुसऱ्या, पाचव्या, सहाव्या आणि नवव्या प्रकरणात शेवट गळालाय. पण काळजी नको, वसंतात दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा नक्की दुरुस्त करू." मी मान डोलावली. म्हणजे माझ्याकडे एक हिवाळा होता. त्या हिवाळ्यात पत्रं आली, समितीच्या पत्त्यावर, साहेब ती गठ्ठ्याने पाठवायचे. पहिलं पत्र फोडायला मी इतका वेळ लावला की मावशीने ते काढून घेतलं आणि मग आठवलं तिला वाचता येत नाही, म्हणून परत दिलं. कुठल्याशा गावच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'प्रिय रूथ, तुमचं एक वाक्य अपुरं राहिलं आहे. मी सुचवू का? आणि पुढे श्रद्धेने नेलं.' दुसऱ्या पत्रात ख्रिस्ताने नेलं होतं. एका निवृत्त कप्तानाने नेलं होतं वाऱ्याने. एका शाळामास्तरीणबाईंनी आपल्या वर्गातल्या बावीस मुलींकडून ते वाक्य पुरं करून घेतलं होतं आणि बावीसच्या बावीस कागद पाठवले होते, सुवाच्य अक्षरात. फेब्रुवारीपर्यंत अशी एकेचाळीस उत्तरं जमली. एवढ्या माणसांना एवढं चांगलं असायची काय गरज आहे, असं मला वाटायला लागलं. मी ती पत्रं चूल पेटवायला वापरली. मार्चमध्ये साहेबांनी दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं पाठवली. चारही ठिकाणी परमेश्वर परत आला होता, आणि या खेपेला गॅफनीने अक्षर बारीक घेऊन त्याला बसवलंही होतं.

त्या गुंडाळीतच एक पत्र होतं. भर दुपार होती, दोन्ही चुली पेटलेल्या, मावशी चादरी पिळत होती. पत्र सरोवरापलीकडून, कॅनडातल्या चॅटमहून, एका पाद्र्याच्या पत्नीचं. चांगल्या जाड कागदावर. मी उभ्याउभ्याच वाचलं. 'आदरणीय भगिनी, एका खेदजनक प्रकाराबद्दल आपली क्षमा मागण्यासाठी लिहीत आहे. आमच्या मंडळीत आपल्या पुस्तकाचं वाचन सुरू केलं आहे. गेल्या रविवारी दुसरं प्रकरण मी स्वतः वाचलं. आपल्या भगिनीच्या वियोगाच्या प्रसंगाने सर्वांचे डोळे पाणावले होते. शेवटची ओळ, जी बहुधा छपाईच्या चुकीने अपुरी राहिली आहे, ती वाचून मी थांबले, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक धोबीण भर प्रार्थनामंदिरात मोठ्याने म्हणाली, मग पुढचंही तूच ने, माझे पाय दुखतात. आणि हसत सुटली. लोक सुन्न झाले. मंडळीचे कारभारी असलेल्या डीकनांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. ती बाहेर पायरीवर बसून अख्खी दुपार रडत होती, तरी माफी मागायला तयार नाही. उलट विचारते, ही बाई कुठे राहते. आम्ही अर्थातच सांगितलं नाही. अशा लोकांमुळे आपल्या समाजाची मान खाली जाते. आपण मोठ्या मनाने...' पुढचं मी वाचलं नाही.

मला रडू आलं नाही. मला असा संताप आला की कानशिलं तापली. त्या पाद्रीबाईंचा, त्या डीकनचा, दंडाला धरतो म्हणजे काय, हात मोडून ठेवीन. आणि त्याहून लेटीचा. एकवीस वर्षं. जॉर्जिया काय, त्याच्या पलीकडे कुठे काय, किती हातांतून गेली असेल, कशी निसटली असेल, किती मैल चालली असेल त्या पायांनी. आणि ते अजून दुखतातच! मी अकरा प्रकरणं वाहून आणली, चार ओळींसाठी अर्ध्या शहराशी भांडले, आणि ही आयती मागच्या बाकावर बसून म्हणते, पुढचंही तूच ने. एक धपाटा घालायला हवा होता तिच्या पाठीत. आईने नाही, मी. माझा हात हवेत वर गेलेला मला दिसला, आणि मग तो कुठे ठेवावा ते कळेना.

"काय गं?" मावशी म्हणाली. चादरीचं पाणी तिच्या कोपरांवरून गळत होतं. "हात वर करून काय उभी राहिलीस? कोण मेलं?"

"कोणी नाही. लेटी अजून आळशीच आहे."

"कोण लेटी?"

सात वर्षं मी त्या घरात राहत होते आणि हे नाव मी तिथे कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. मी पत्र एप्रनच्या खिशात घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. चॅटमला जायला गाडी किती वाजता असते, आधी कुठे जायचं, काय न्यायचं, काही सुचत नव्हतं. मला त्या क्षणी एकच गोष्ट करता येत होती.

"मावशी, दार लावलं का?"

"भर दुपारी दार कशाला लावायचं? वाफेने मरू ना दोघी."

"लाव," मी म्हटलं. "सांगते."